वजा दोन मिलिमीटर

चि. भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

(चिरंजीव लिहावं की श्रीयुत, यात माझी दहा मिनिटं गेली. चाळिशी उलटलेल्या आणि सहा वर्षांत घरी एकही फोन न केलेल्या दिराला काय लिहायचं, हे पत्रलेखनाच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. शेवटी म्हटलं, आशीर्वाद तर द्यायचेच आहेत, मग चिरंजीवच बरं.) तब्येत कशी आहे? पित्त कमी झालं का? जेवणं वेळेवर होतात की अजून कीबोर्डशेजारी ताट ठेवून बसता? केस किती उरले? आम्ही इकडे ठीक. माझा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, तुमचे दादा हवा न बदलताही कुरकुरतात, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच. तुमचा पत्ता कुठून मिळवला ते विचारू नका. आधी मी तुमच्या जुन्या ई-मेलवर चार पत्रं धाडली. चारही जशीच्या तशी परत आली, म्हणून आता हा कागद. कागद परत पाठवायचा तर कुणाला तरी उठून पेटीपर्यंत जावं लागतं, आणि तुमचा आळस मला माहीत आहे.

बातमी अशी, की दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरने अंथरूण धरलं आहे. तोच, ज्याच्यावर तुम्ही लिहिलेला 'पाऊल' प्रोग्रॅम चालतो. सकाळी सुरू केला की तो आधी घरघरतो, मग गप्प होतो, मग मी त्याच्या डाव्या कुशीत बूट शिवायच्या लाकडी साच्याने, कलबुताने, एक चापट देते (लहान मुलाच्या मापाचं कलबूत, मोठ्याने मारलं तर रुसतो), आणि मग कुठे पडदा उजळतो. दुरुस्तीवाल्याने त्याला उघडून पाहिलं, डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, फार तर दोन महिने. माझी पाचावर धारण बसली. 'पाऊल' गेलं तर दुकान गेलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच कलती, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलेली, त्या सगळ्यांचे बूट तुमच्या त्या बावीस मापांतूनच निघतात. बावीस आकडे घातले की चामडं कापायची आकृती कागदावर छापून बाहेर. तुमचे दादा लोकांना सांगतात, की 'पाऊल' नसलं तरी माझं काही अडत नाही. पण गेल्या आठ वर्षांत त्यांनी एकही आकृती हाताने काढलेली मी पाहिलेली नाही.

नवा कॉम्प्युटर आणला. त्यावर दुरुस्तीवाल्याने लिनक्स घालून दिलं. (लिनक्स म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण मला आता कळतं हे कुणाला तरी दाखवायचं आहे आणि घरात ऐकणारं कुणी नाही, तेव्हा सोसा.) त्यात म्हणे घराणी असतात, गाण्यात असतात तशीच. मूळ एक, पण प्रत्येकाचं वळण वेगळं, आणि दुसऱ्याचं नाव निघालं की नाक मुरडायचं. आपल्याला मिळालेलं घराणं जुन्या वळणाचं आणि भरवशाचं आहे. मी म्हटलं, जुन्यावरून 'पाऊल' घ्या आणि यात टाका, झालं. तर तो म्हणाला, नुसतं टाकलं तर आज चालेल, उद्या घराण्याने काही बदललं की मटकन बसेल. नीट पॅकेज करायला हवं. म्हणजे काय, तर कुठली फाईल कुठे जाते, प्रोग्रॅमला चालायला आणखी कोण कोण लागतं, काढायची वेळ आली तर काय काय काढायचं, हे सगळं लिहून गाठोडं बांधायचं. ते घराण्याच्या यादीत एकदा गेलं, की पुढे आपण असू-नसू, ती मंडळी त्याला सांभाळतात. हे शेवटचं वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हटलं, तूच दे करून. त्यावर तो म्हणाला, मी पडदे आणि पंखे बघतो, आतलं मला काही कळत नाही. मग उरलं कोण? तुमचे दादा माऊस हातात धरतात तो उंदीर पकडल्यासारखा. तेव्हा मीच पदर खोचला.

घराण्याची मार्गदर्शिका उघडली. पहिलंच वाक्य, पॅकेज करणं सोपं आहे. भाऊजी, अशी सुरुवात करणाऱ्या पुस्तकावर आयुष्यात विश्वास ठेवू नये. सोपं असतं तर पुढे तीनशे पानं कशाला लागली असती? पहिल्या आठवड्यात मला एवढंच कळलं, की तुमच्या प्रोग्रॅमला एकट्याने कुठे जाता येत नाही. त्याला रेषा काढायला एक प्रोग्रॅम लागतो, त्या प्रोग्रॅमला दुसरा एक लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि त्या तिसऱ्याची नेमकी सात वर्षांपूर्वीचीच आवृत्ती लागते, जी या घराण्याने कधीच घराबाहेर काढली आहे. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने आपलं सगळं बिऱ्हाड आणावं, वर त्यातल्या एकाने मी अमुक खुर्चीवरच बसतो म्हणावं, तसली तऱ्हा. त्या खुर्चीवाल्याची समजूत घालण्यात माझे बारा दिवस गेले. तुम्ही लिहिलेल्या एकशे चाळीस ओळी मी एकेक करून बदलल्या. बदलताना तुम्हाला काय काय म्हटलं ते आशीर्वादाच्या पत्रात लिहिता येत नाही.

मधेच एक उद्योग मी आपणहून ओढवून घेतला. तुमचे दादा म्हणाले, अक्षरं बारीक आहेत. लिनक्समध्ये सगळं आपल्या मनासारखं करून घेता येतं असं मार्गदर्शिकेत वाचलं होतं, तेव्हा म्हटलं, करू या. अक्षरं मोठी केली. ती इतकी मोठी झाली, की 'ठीक आहे' म्हणायचं बटण पडद्याच्या बाहेर गेलं, आणि 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ती लहान होईनात. मग खालची पट्टी वर नेली, वरून डावीकडे नेली, डावीकडे तुमच्या दादांना ती नडते म्हणून थोडी आत सरकवायला गेले आणि ती गेली. गेली म्हणजे पूर्णच गेली. राहिला नुसता डोंगराचा फोटो. बटण नाही, यादी नाही, घड्याळ नाही. तुमचे दादा मागे उभे राहून म्हणाले, हे छान दिसतंय. (बोलले तेवढंच. त्या आठवड्यातलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य.) पुढचे नऊ दिवस मी त्या डोंगरावर एक काळी चौकट उघडून तिच्यात कमांड टाईप करून सगळी कामं केली, कारण दुसरा मार्गच नव्हता. आता पट्टी परत आली आहे, पण मला तिची गरज वाटत नाही. शेजारचे घड्याळवाले काच पुसायचं निमित्त करून डोकावतात आणि मी काळ्या चौकटीत खडाखड टाईप करताना बघून तोंडात बोट घालतात. मी मुद्दाम थोडं जास्त टाईप करते.

आता एक कबुली. आपल्या दुकानाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, शेवटचा टाका पडला की आधी फरशी झाडायची, मगच जोड कपाटात ठेवायचा. मामंजींनी घालून दिलेली रीत, तीस वर्षांत मी मोडलेली नाही. मार्गदर्शिकेत लिहिलं होतं, पॅकेज बसवून झाल्यावर काही करायचं असेल तर ते शेवटी लिहावं. काय करायचं असणार? झाडायचं! तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'कचरा' नावाचा एक फोल्डर होता. मी लिहून टाकलं, बसवून झालं की कचऱ्यातलं सगळं पुसून टाक. पॅकेज बसवलं, अगदी पहिल्या फटक्यात बसलं, मी खुशीत चहा टाकला. परत येऊन पाहते तर एकाही गिऱ्हाइकाचं माप नाही. चारशे बारा माणसं, म्हणजे आठशे चोवीस पाय, झाडून साफ. अहो, जगात दुसरा कोण माणूस असा असेल, जो आठ वर्षांचं सगळं काम 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवील? तुमच्या खोलीत कपाट रिकामं आणि कपडे खुर्चीवर असायचे, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मूळ मापं जुन्या कॉम्प्युटरवर होती, पण नेमका त्या दिवशी तो उठेना. चापट झाली, विनवणी झाली, मुलाचं कलबूत झालं, दहा नंबरचं झालं. तुमच्या दादांनी शेवटी शांतपणे त्याची वायर काढली, तो थंड होईपर्यंत अर्धा तास त्याच्यावर हात ठेवून बसले आणि परत लावली. सुरू झाला. मापं उतरवून घेईपर्यंत मी चहाला हात लावला नाही. ते झाडण्याचं कलम आता काढलं आहे. फरशी मात्र रोज झाडते.

गाठोडं बांधलं आणि घराण्याकडे पाठवलं. तिकडे तपासणारं एक कुणीतरी आहे, त्याने स्वतःचं नाव 'कासव' ठेवलं आहे. बाई की बाप्या, म्हातारं की तरणं, काही कळायला मार्ग नाही, म्हणून मी त्याला नपुंसकलिंगातच बोलते. कासवाने माझं पॅकेज अकरा वेळा परत पाठवलं. एका ओळीत माहिती द्या म्हणालं, मी लिहिलं, 'पायांसाठी फार चांगलं.' कासव म्हणालं, स्तुती नको, काम सांगा. देखभाल कोण करणार त्याचं नाव द्या म्हणालं, मी 'वहिनी' लिहिलं. कासव म्हणालं, कुणाची? दर आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद ठेवा म्हणालं. ती मात्र मी मन लावून ठेवली. 'आज पाहुणे आले, काम झालं नाही.' 'आज गुडघा फार दुखला, तिसऱ्या प्रोग्रॅमचा नाद सोडला.' 'आज यांनी डबा न खाता परत आणला, विचारलं तर म्हणे भूक नाही.' अशा सत्तावीस नोंदी. त्यावर कासवाने लिहिलं, की नोंद प्रोग्रॅममधल्या बदलांची हवी, घरातल्या नव्हे. आणि खाली, वेगळ्या ओळीत, गुडघा आता कसा आहे? तेव्हापासून माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं. लेखकाच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. तुमच्या दादांनी ते वाचलं आणि काढ म्हणाले नाहीत.

अकराव्या वेळी कासव म्हणालं, तुमच्या दुकानाबाहेरच्या एखाद्या कारागिराने हे वापरून पाहिलं पाहिजे. मग दुसऱ्या गावचे एक बूटवाले तयार झाले, सज्जन माणूस. त्यांनी पाच जोड शिवले आणि पाचही घट्ट झाले. सगळीकडून सारखेच, दोन मिलिमीटर. मला वाटलं, माझ्याच एकशे चाळीस ओळींत काहीतरी चुकलं. चार दिवस डोकं आपटलं. पाचव्या दिवशी आकृती छापायच्या जरा आधी, एका कोपऱ्यात, तुमची एक ओळ सापडली. बाहेरच्या रेषेतून दोन मिलिमीटर वजा. आणि शेजारी तुम्ही स्वतःसाठी लिहिलेली टीप. 'दादा कापताना दोन मिलिमीटर जास्त सोडतो. तीनदा सांगितलं. ऐकत नाही. म्हणून इथेच वजा केले. त्याला सांगू नये.'

म्हणजे आठ वर्षं हे सगळ्यांना सांगत होते, की बघा, माझा हात आणि यंत्र केसभर इकडचे तिकडे होत नाहीत. आणि ते होत नव्हते कारण तुम्ही मधे बसला होतात. ज्या दिवशी यांनी गिऱ्हाइकासमोर, यंत्राला काय कळतंय, माप हातात असतं, असं म्हटलं आणि तुम्ही ॲप्रन खुंटीला अडकवून निघून गेलात, त्या दिवशी ही एक ओळ दाखवली असतीत तर यांची बोलती बंद झाली असती. तुम्ही दाखवली नाहीत. तारीख पाहिली, भांडणाच्या दोन वर्षं आधीची. भाऊजी, तुमच्यावर मी सहा वर्षं रागावलेली आहे आणि तो राग मला अजून काही वर्षं पुरवायचा होता, पण त्या दिवशी तो संपला. मला रडू आलं, हेही लिहूनच टाकते.

'त्याला सांगू नये' असं लिहिलं होतं, म्हणून मी यांना लगेच सांगितलं. मोठ्या अक्षरात छापून हातात दिलं. यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, मग बोलला का नाही? म्हटलं, अहो, त्यातच लिहिलंय की, तीनदा बोलले. मग म्हणाले, माझी चामडं कापायची रापी दोन मिलिमीटर सोडते, हे शक्यच नाही. एवढं बोलून दिवसभर चामड्यात खोड्या काढत बसले. मग मी तीन दिवस त्यांच्या नकळत प्रत्येक कापलेला तुकडा आकृतीवर ठेवून मोजला. अगदी दोन. ना कमी, ना जास्त. तुमची पारख मानली. आता मी त्या ओळीची एक वेगळी सेटिंग केली आहे, ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे आकडा घालावा. बाकी सगळ्यांना शून्य, आपल्या दुकानात दोन. सेटिंगचं नाव 'दादा'. कासवाने विचारलं, दादा म्हणजे काय? मी पाऊण पानाचं उत्तर लिहिलं. त्यावर कासवाचं एका शब्दाचं उत्तर आलं, मंजूर. दुसऱ्या गावचे जोड आता ठीक बसतात. पॅकेज जवळपास झालंच, एक किरकोळ गोष्ट तेवढी राहिली आहे, ती काय महत्त्वाची नाही. जुना कॉम्प्युटर अजून तग धरून आहे. बाकी सर्व क्षेम. पित्ताला जपा, रिकाम्या पोटी चहा घेऊ नका, आणि उत्तर लिहायचा कंटाळा आला तर निदान कोरा कागद पाठवा, म्हणजे पत्ता बरोबर होता एवढं तरी कळेल.

तुमची,
वहिनी

ता. क. ती किरकोळ गोष्ट अशी. कासव म्हणतं, प्रोग्रॅमबरोबर परवाना नाही. ज्याने लिहिला त्याने 'हा कुणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा' असं लेखी दिल्याशिवाय घराणं त्याला हात लावत नाही. मी म्हटलं, मी सख्खी वहिनी आहे. ते म्हणालं, चालत नाही. ज्याने लिहिलं त्यानेच द्यायला हवं, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही. एक ओळ लिहायची आहे. तेवढी लिहून पाठवाल का? हे पत्र मुळात त्यासाठीच होतं, वरचं सगळं मी तुम्हाला मऊ करायला लिहिलं.

आणखी एक. तुमच्या दादांना हे पत्र माहीत नाही असं समजू नका. पाकीट त्यांनीच आणलं. काही निरोप आहे का विचारलं तर म्हणाले, काही नाही. मग दाराशी जाऊन परत आले आणि म्हणाले, पाकिटाला तिकीट जास्त लाव, परत यायला नको.

शेवटचं. वर मी लिहिलं, की मी मोजलं आणि अगदी दोन भरले. ते खोटं आहे. बाजूला हे बसले होते आणि वाचून दाखव म्हणाले तर काय करणार, म्हणून तसं लिहिलं. आता ते बाहेर गेले आहेत. पहिल्या तुकड्याला तीन होते, दुसऱ्याला पाच, मग एक, मग चार. उजवा हात थरथरतो, भाऊजी. वर्ष झालं असेल. ते रापी दोन्ही हातांनी धरतात आणि मी बघत असले की खाली ठेवतात. गेल्या महिन्यात तीन जोड ढिले म्हणून परत आले, तर म्हणाले, नव्या कॉम्प्युटरची चूक आहे, आणि मीही हो म्हटलं. सेटिंगमध्ये रोज सकाळी मी नवा आकडा घालते आणि तो दुपारपर्यंत चुकतो. मला पॅकेज करता येतं, कासवाशी भांडता येतं, पण हे मला येत नाही. यांच्या शेजारी उभं राहून, यांना न कळता, किती वजा करायचं ते फक्त तुम्हाला येतं. परवान्याची ओळ सवडीने लिहा. आधी घरी या.